घरातल्या मारहाणीत आणि छळात मदत कुठे, कशी मिळते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आत्ता मारहाण चालू असेल किंवा कोणत्याही क्षणी सुरू होईल असं वाटत असेल, तर वाचत थांबू नका. ११२ लावा. बोलता येत नसेल तर पत्ता तेवढा सांगा. खालची माहिती महाराष्ट्रासाठी लिहिली आहे. कायदे केंद्राचे आहेत, पण कार्यालयांची नावं आणि पद्धती इथल्या आहेत.

१. मला फक्त विचारायचं आहे. १८१ वर फोन केला की नवऱ्यावर लगेच केस होते का?

नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि तिथे नुसती माहिती विचारता येते. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. जिल्हा आणि तालुका सांगितलात तरी जवळच्या केंद्राचा पत्ता मिळतो. तुमच्या परवानगीशिवाय घरी कोणी येत नाही. अपवाद एकच, फोन चालू असताना जिवाला धोका आहे असं कळलं तर पोलीस पाठवले जातात.

हा प्रश्न आम्ही मुद्दाम पहिला ठेवला आहे. मदत मागणं म्हणजे केस करणं नव्हे आणि घर मोडणंही नव्हे. कितीतरी बायका याच भीतीने वर्षानुवर्षं कुठे बोलत नाहीत, आणि मग एका रात्री हातात काही कागद नसताना बाहेर पडावं लागतं. निर्णय नंतर घ्या, माहिती आणि नोंद आधी करून ठेवा.

२. नवरा हात उचलत नाही. पण पगार काढून घेतो, माहेरी फोन करू देत नाही, मुलांसमोर वाटेल ते बोलतो. याला हिंसाचार म्हणतात का?

म्हणतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू) यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार आहेत. मुलगा होत नाही म्हणून टोमणे, घरखर्च बंद करणं, स्त्रीधन परस्पर विकणं, नोकरी सोडायला लावणं, इच्छेविरुद्ध शरीरसंबंध हे सगळं त्यात येतं. वळ दिसलाच पाहिजे अशी अट कायद्यात कुठेही नाही.

३. पोलीस ठाणं, भरोसा सेल, सखी सेंटर, संरक्षण अधिकारी, समुपदेशन केंद्र... नेमकं जायचं कुठे?

तुम्हाला आधी काय हवंय त्यावर ते ठरतं.

आज रात्री डोक्यावर छप्पर हवं असेल तर सखी वन स्टॉप सेंटर. ही योजना २०१५ पासून आहे. तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, पोलिसांशी संपर्क, वकिलाचा सल्ला आणि समुपदेशन एकाच ठिकाणी मिळावं हा तिचा हेतू. पत्ता १८१ वर मिळतो. बहुतेक ठिकाणी ते जिल्ह्याच्या गावी, सरकारी रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास असतं.

घर, खर्च, मुलांचा ताबा किंवा 'माझ्याजवळ येऊ नको' असा आदेश हवा असेल तर संरक्षण अधिकारी (प्रश्न ४). ते महिला व बालविकास विभागाचे असतात. तालुक्यात कोण आहे ते कळत नसेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा.

नवऱ्याला अटक किंवा शिक्षा व्हावी असं वाटत असेल, किंवा जबर दुखापत झाली असेल, तर पोलीस ठाणं (प्रश्न ५). शहरांत आणि जिल्हा मुख्यालयांत पोलिसांचा भरोसा सेल किंवा महिला तक्रार निवारण कक्ष असतो. तो दोन्ही बाजूंना बोलावून समज देतो. मात्र तिथे अर्ज दिला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं होत नाही. अर्ज देऊन सहा महिने वाट पाहत बसलेल्या बाईला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

काय करावं तेच सुचत नसेल तर महिला समुपदेशन केंद्र, किंवा पोलीस ठाण्याच्या आवारातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. या कक्षांची सुरुवात १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात, पोलीस नव्हे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयापासून सुरू झालेली 'दिलासा' ही समुपदेशन केंद्रं महापालिकेच्या इतर काही रुग्णालयांतही आहेत. केसपेपर काढून तिथे जाता येतं, त्यामुळे 'दवाखान्यात गेले होते' एवढंच घरी सांगावं लागतं.

चुकीच्या दारात गेलात तरी बिघडत नाही. पोलीस असोत वा संरक्षण अधिकारी, तुमचे हक्क आणि मदतीची ठिकाणं सांगणं हे २००५ च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे त्यांचं कर्तव्य आहे.

४. संरक्षण अधिकारी काय लिहून घेतात? त्यासाठी काय तयारी करू?

ते 'कौटुंबिक घटना अहवाल' भरतात. कार्यालयात सगळे त्याला डीआयआर म्हणतात. नियमांमध्ये त्याचा ठरलेला नमुना आहे आणि सेवा मोफत आहे.

इथे एक गोष्ट फार फरक करते. "नेहमी मारतो" असं लिहिलं की ते वाक्य कोर्टात फारसं टिकत नाही. त्याऐवजी असं सांगा : "पोळ्याच्या आदल्या रात्री जेवताना, भावाकडून पैसे आणत नाही म्हणून, कमरेच्या पट्ट्याने डाव्या दंडावर तीन-चार वेळा मारलं, धाकटी मुलगी समोर होती, दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात गेले." तारीख आठवत नसेल तर सण, मुलाची परीक्षा, पेरणी अशी खूण चालते. पहिली घटना, सगळ्यात वाईट घटना आणि शेवटची घटना, या तीन अशा तपशिलात आल्याच पाहिजेत. कागद वाचून मगच सही करा, आणि प्रत मागून घ्या.

डीआयआर नसेल तरी कोर्टात थेट अर्ज करता येतो. तो अनिवार्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही आमचं मत, शक्य असेल तर करूनच घ्या. एका सरकारी अधिकाऱ्याने वेळेवर केलेली ती नोंद असते.

५. पोलिसांनी फक्त एनसी लिहून घेतली आणि घरी पाठवलं. आता?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. साध्या मारहाणीची पोलीस एवढीच नोंद घेतात, आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचा तपास होत नाही. तरी ती कामाची आहे : प्रत घ्या, नंबर लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जात तो टाका.

पण हुंड्यासाठी किंवा पैशासाठी छळ असेल, गंभीर इजा असेल, हत्याराने मारलं असेल, किंवा छळ इतका असेल की जीव द्यावासा वाटतो, तर ते एनसीचं प्रकरण नाही. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ८५ आहे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९८अ लागतं. गुन्हा दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रारीत "वारंवार", "पैशाची मागणी", "मारून टाकीन अशी धमकी" या गोष्टी खरोखर घडल्या असतील तर त्या घटनेसह लिहा. सांगायच्या राहून गेल्या की एनसी होते.

ठाण्यात नोंद घेतलीच नाही तर तक्रारीची प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तिथूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या वेळी हीच पावती लागते. एफआयआर झाली तर तिची प्रत तुम्हाला मोफत मिळते. फार उशीर मात्र करू नका, या कलमाखाली दखल घ्यायला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

६. दवाखान्यात "पडले" असंच सांगितलं होतं. त्याने नुकसान होतं का?

होतं, पण भरून काढता येतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना कोणी, कशाने, कुठे मारलं ते सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहायला सांगा. सरकारी रुग्णालयात एमएलसी होते, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद. पोलिसांत तक्रार नाही किंवा डीआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मागच्या वेळचं खोटं कारणही डीआयआरमध्ये मोकळेपणाने सांगा : "नवरा शेजारी उभा होता म्हणून पडले असं सांगितलं." कोर्टाला हे नवीन नसतं.

वळाचे फोटो त्याच दिवशी आणि पुन्हा दोन-तीन दिवसांनी काढा. मुका मार नंतर जास्त काळानिळा दिसतो. एका फोटोत चेहराही येऊ द्या, नाहीतर हात कोणाचा हा प्रश्न उभा राहतो.

गळा दाबला असेल तर मानेवर काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, चक्कर, डोळ्यांत लाल ठिपके, थोडा वेळ शुद्ध हरपणं ही लक्षणं आतल्या इजेची असू शकतात आणि काही तासांनी वाढू शकतात. शिवाय ज्या घरात एकदा गळा दाबला गेलाय तिथे पुढे जीव जाण्याचा धोका बराच वाढतो. अशा वेळी "एकदा समजावून बघू" असं आम्ही कोणालाही सांगत नाही.

७. निघावं लागलंच तर काय बरोबर घ्यायचं? फोनचं काय करायचं?

कागद : आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, दागिन्यांच्या पावत्या, नवऱ्याची पगाराची स्लिप किंवा सातबारा. मूळ कागद काढून घेणं धोक्याचं असेल तर फोटो काढून विश्वासातल्या माणसाला पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसा. दागिने घालून किंवा घेऊन निघता आलं नाही तर यादी करा. स्त्रीधन परत देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं, त्यासाठी जिवावर उदार होऊ नका.

फोनमध्ये तीन गोष्टी बघा. नकाशाच्या ॲपमधलं लोकेशन शेअरिंग. ईमेल खातं दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडं आहे का. आणि व्हॉट्सॲपची 'लिंक्ड डिव्हायसेस'. हे घरात असताना बंद केलं तर त्याच्या लक्षात येऊ शकतं, म्हणून निघतानाच करा. बँक आणि आधारला जोडलेला नंबर त्याचा असेल तर तो बदलायचं काम बाहेर पडल्यावर पहिल्या आठवड्यात उरका, नाहीतर प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो.

८. निवाऱ्यात किती दिवस राहता येतं? मुलं बरोबर चालतात का?

सखी सेंटरमध्ये साधारण पाच दिवसांपर्यंत. पुढे जास्त काळासाठी शक्ती सदन (पूर्वीचं स्वाधार गृह) किंवा राज्याचं महिला वसतिगृह. मुली चालतात. मुलग्यांना वयाची मर्यादा असते, म्हणून मुलगा मोठा असेल तर निघण्याआधी १८१ वर विचारा. त्याची सोय बालकल्याण समितीमार्फत वेगळी होऊ शकते, पण आईने ऐनवेळी दारात हे ऐकावं लागू नये. निवाऱ्याचा पत्ता माहेरच्यांनासुद्धा फोनवर सांगू नका. बहुतेक वेळा तो सासरी तिथूनच पोचतो.

९. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. "आमच्या घरातून चालती हो" म्हणतात. काढू शकतात का?

कायदेशीर प्रक्रियेशिवाय नाही. घर नवऱ्याच्या मालकीचं असलंच पाहिजे असं नाही. लग्नानंतर जिथे नांदलात ते सामायिक घर, म्हणजे तुम्हाला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सांगितलं आणि आधीचा उलटा निकाल रद्द ठरवला. हा हक्क अमर्याद मात्र नाही. सासू-सासरे वृद्ध असतील, एकत्र राहणं शक्य नसेल, तर कोर्ट नवऱ्याला वेगळं भाड्याचं घर द्यायला सांगू शकतं.

नवी युक्ती अशी दिसते : सासरे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाऊन सुनेला काढण्याचा आदेश मागतात. त्याची नोटीस आली तर फेकून देऊ नका, तारखेला हजर राहा. त्या कायद्याचा वापर करून सुनेचा राहण्याचा हक्क डावलता येत नाही, हेही २०२० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. पण तुम्ही गैरहजर राहिलात तर हे मांडणारं तिथे कोणी नसतं.

१०. कोर्टात काय काय मागता येतं आणि किती वेळ लागतो?

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे २००५ च्या कायद्याच्या कलम १२ चा एकच अर्ज जातो. त्यातच संरक्षण आदेश (कलम १८), निवास (१९), खर्च (२०), मुलांचा तात्पुरता ताबा (२१) आणि नुकसानभरपाई (२२) मागता येते. पहिली तारीख तीन दिवसांच्या आत आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक कोर्टांत यापेक्षा खूप जास्त लागतं. म्हणून अर्जासोबतच कलम २३ चा अंतरिम अर्ज आणि शपथपत्र द्या. तातडी असेल तर समोरच्याचं न ऐकताही तात्पुरता आदेश होतो. हा अर्ज न देणं ही आम्हाला दिसणारी सगळ्यात मोठी चूक आहे.

खर्चासाठी दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे, तेव्हा अर्ज लांबवण्यात नुकसान तुमचंच. आदेशाची प्रत मोफत मिळते. अपील ३० दिवसांत सत्र न्यायालयात.

११. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

लागत नाहीत. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कमावती असली तरी. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्या, किंवा विधी सेवेची हेल्पलाइन १५१०० लावा. नेमलेले वकील तारखेला येत नसतील तर तिथेच लेखी कळवा, बदलून मिळतात.

१२. मी दुसऱ्या जिल्ह्यात माहेरी आले आहे. केससाठी सासरच्या गावी जावं लागेल का?

नाही. तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या कोर्टात कलम १२ चा अर्ज चालतो. छळाची फौजदारी तक्रारही माहेरच्या ठाण्यात देता येते, असा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. "आमची हद्द नाही" असं कोणी म्हटलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द नसली तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवायची एफआयआर, मागा.

१३. समुपदेशनाला गेले की "थोडं जुळवून घ्या" एवढंच सांगतात.

ते समुपदेशन नव्हे. नियमांप्रमाणे समुपदेशनात समोरच्याला हिंसेचं समर्थन करायला परवानगी नाही, आणि पुन्हा असं करणार नाही अशी हमी त्याने द्यायची असते. "तिने उलट उत्तर दिलं म्हणून" हे कारण तिथे ऐकूनच घ्यायचं नसतं. तुम्ही स्वतंत्र बोलण्याची वेळ मागू शकता, त्याच्यासमोर बसायला नकार देऊ शकता. समझोता करायचाच असेल तर लेखी करा : खर्च किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, पुन्हा मारलं तर काय. तोंडी आश्वासनावर नांदायला गेलात तर पुढच्या वेळी दाखवायला काही उरत नाही. भावकीच्या किंवा जातीच्या बैठकीतल्या कागदाने तुमचे कायदेशीर हक्क संपत नाहीत, सही केली असली तरी.

१४. मुलांची शाळा मध्येच सुटली. जुनी शाळा दाखला देत नाही, वडिलांना आणा म्हणते.

दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) आठवीपर्यंत, सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी, हे स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. ताब्याचा अंतरिम आदेश झाला असेल तर तो दोन्ही शाळांना द्या, नाहीतर वडील गेटवरून मूल घेऊन जातात आणि शाळा अडवत नाही. मूल दचकून उठतं, अंथरुण ओलं करतं, बोलायचं थांबतं, हे हट्ट नव्हेत, समुपदेशकांना सांगा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे.

१५. आदेश मिळाला, पण तो पाळत नाही.

संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे : एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत ठाण्यात आधीच देऊन पोच घ्या, म्हणजे रात्री पोलीस "आदेश दाखवा" म्हणत थांबणार नाहीत. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो. थकबाकी बारा महिन्यांपलीकडे जाऊ देऊ नका. तो पगारदार असेल तर पगारातून थेट कापून द्यायला मालकाला सांगण्याचा अधिकार कोर्टाला आहे, तेच मागा.

१६. त्याच्या वकिलाची "नांदायला या" अशी नोटीस आली आहे.

घाबरून परत जाऊ नका आणि नोटीस दुर्लक्षूनही चालणार नाही. का निघालात ते घटनांसह उत्तरात लिहून द्या. कोर्ट कोणालाही पोलीस लावून नांदायला पाठवत नाही. तसा हुकूमनामा झाला तरी न जाण्याला सबळ कारण असेल तर पोटगी मिळू शकते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

१७. आमचं लग्न झालेलं नाही / घटस्फोट झालाय / त्रास नवरा नव्हे, नणंद देते. कायदा लागू होतो का?

लग्नासारखं एकत्र राहणं असेल तर २००५ चा कायदा लागू होतो. पण त्याचं आधीचं लग्न माहीत असूनही राहिलात तर अडचण येते, आधी वकिलाला भेटा. घटस्फोट झाला तरी आधीच्या हिंसेबद्दल अर्ज करता येतो. बहीण, मुलगी, विधवा सून, आई यांनाही हा कायदा आहे. २०१६ पासून बाईविरुद्धही अर्ज चालतो, त्यामुळे नणंद-सासू प्रतिवादी होऊ शकतात. फक्त सगळ्या नातलगांची नावं टाकण्याचा सल्ला ऐकू नका. ज्यांनी काही केलेलं नाही त्यांची नावं आली की खरी तक्रारही संशयात पडते.

१८. शेजारच्या घरातून रोज ओरडणं ऐकू येतं. मी कळवलं तर माझ्यावर येईल का?

नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीसाठी दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. मारहाण चालू असताना ११२ लावा, एरवी १८१. काही निमित्ताने बेल वाजवली तरी त्या क्षणी हात थांबू शकतो. दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना नंबर द्या. नवऱ्याला जाब विचारू नका, त्याचा राग तिच्यावरच निघतो.

१९. मुलगा आई-वडिलांना मारतो. किंवा बाई नवऱ्याला मारते. त्यांनी कुठे जायचं?

आई २००५ च्या कायद्याखाली अर्ज करू शकते. आई-वडील दोघांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, अर्ज प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे, हेल्पलाइन १४५६७. प्रौढ पुरुषाला २००५ चा कायदा लागू नाही, पण मारहाण आणि धमकीची पोलीस तक्रार आणि मोफत उपचार त्याला इतर कोणाइतकेच आहेत. मार खाणाऱ्या पुरुषाला ठाण्यात हसलं गेलं तर तक्रार लेखी देऊन पोच घ्यावी.

२०. मागच्या वर्षी तक्रार केली आणि परत गेले. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

ज्या तोंडाने मागच्या वेळी गेलात त्याच. बाई परत का गेली हे या कामातल्या माणसांना नीट माहीत असतं : मुलं, पैसा, माहेरची परिस्थिती, आणि तो बदलेल ही आशा. परत गेल्याने हक्क जात नाही. मागे घेतलेल्या अर्जानंतर नवी घटना घडली तर नवा अर्ज होतो, आणि कलम १२ च्या अर्जाला एक वर्षाची मुदत लागत नाही, हे २०२२ मध्ये ठरलं आहे. जाताना जुन्या डीआयआरची प्रत, एनसी नंबर किंवा समझोत्याचा कागद न्या. काहीच उरलं नसेल तर ज्या कार्यालयात गेला होतात त्याचं नाव आणि अंदाजे महिना सांगा. रजिस्टरमधून नोंद काढता येते.